मागीलप्रमाणे

आमच्या कारखान्यात पाय बनतात. माणसांचे. गुडघ्याखालचे, गुडघ्यावरचे, शाळकरी मुलांचे, आणि एकदा तर एका सर्कसवाल्याचा, जो त्यावर उभा राहून तीन चेंडू झेलणार होता.

मी प्लास्टरवाला. माणूस खुर्चीत बसला की त्याच्या उरलेल्या पायाची सात मापं घ्यायची, मग ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा. साच्यावरून सॉकेट तयार होतं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोलगट वाटी. सॉकेट नीट बसलं तर माणूस पाय विसरतो. दोन-चार मिलिमीटर चुकलं तर दिवसभर त्याला दुसरं काही आठवत नाही. चोवीस वर्षं मी हे काम करतोय आणि माझा हातखंडा आहे, असं मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगायला रिकामं नसतं.

पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. मी त्यात मध्ये मध्ये येतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या जागी.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. ती कारखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. मी वहिनी म्हणतो म्हणून सगळेच तिला वहिनी म्हणतात. आमच्या व्यवस्थापक मॅडमसुद्धा, ज्या तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या आहेत. दादा जोडणी विभागात आहे. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा ट्रक उलटला, डावा पाय गुडघ्याखाली गेला, आणि मी इथे होतो म्हणून तो इथे आला. आधी पेशंट म्हणून, मग नोकरीला. आम्ही तिघं एकाच घरात राहतो, एकाच बसने येतो आणि एकमेकांचे डबे चुकून उघडतो.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वहिनीने शनिवार सकाळचा प्रोग्रामिंगचा वर्ग लावला. दोन वर्षं तिने एक शनिवार चुकवला नाही. वर्गातली पोरं तिला आधी कुणाची तरी आई समजून बाहेरच्या बाकड्याकडे बोट दाखवायची. नंतर तिच्या शेजारी जागा धरायला लागली.

गेल्या वर्षी नोंदणीचा संगणक अखेरच्या घटका मोजू लागला. त्यावरचा प्रोग्राम काकांनी लिहिलेला. काका म्हणजे आमचे जुने इंजिनिअर, आता निवृत्त. स्क्रीनचा उजवा अर्धा भाग काळा पडला होता. आडनाव वाचायचं तर वहिनीला अंदाज बांधावा लागे. तो प्रोग्राम नव्या यंत्रावर काही केल्या चालेना. मग मॅडमनी बाहेरच्या एका कंपनीचा माणूस बोलावला. तो नेहमी चाकांची सुटकेस ओढत यायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव सुटकेस ठेवलं.

सुटकेसने बैठकीत सांगितलं, "जुनं सगळं गेलं असं समजा. नवी सिस्टीम, अकरा हजार नोंदी पुन्हा टाइप. तीन महिने लागतील. त्यातले दोन आठवडे काम पूर्ण बंद."

"नोंदींना काय झालंय?" वहिनीने विचारलं.

"सिस्टीम जुनी झालीय, ताई."

"स्क्रीन जुना झालाय. प्रोग्राम जुना झालाय. नोंदी वरच्या खोलीत, सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये आहेत आणि ठणठणीत आहेत. मी रोज त्यात भर घालते. नवा प्रोग्राम लिहायचा आणि त्याच डेटाबेसला जोडायचा. टाइप कशाला करायचंय?"

"आणि तो कोण लिहिणार?"

"मी."

दादाला एकदम खोकला आला. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे. तोवर हा स्क्रीन रडतखडत चालेल."

बसमध्ये दादा म्हणाला, "बोलून बसलीस बघ."

"बोलून नाही, ठरवून बसले," वहिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. ती घाबरलेली नव्हती. मी तिच्याकडे नीट बघून सांगतोय. भाजी घ्यायला निघालेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता.

पहिलं काम काकांकडे जाणं. डेटाबेसचा मुख्य पासवर्ड त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. काका दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहतात आणि गच्चीवर टोमॅटो लावतात. आम्ही गेलो तेव्हा ते कुंड्यांमध्ये काठ्या रोवत होते.

"पासवर्ड मिळणार नाही," ते मागे वळूनही न बघता म्हणाले. "तो म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. तुझ्या प्रोग्रामला मी वेगळं नाव देतो, वेगळा पासवर्ड देतो. आणि आधी फक्त वाचायची परवानगी. लिहायचं नंतर बघू."

मला राग आला. वहिनीला नाही.

"मी तेच मागायला आले होते, काका. लिहायची परवानगी आजच दिलीत तर माझाच जीव थाऱ्यावर राहणार नाही. चुकून एक ओळ पुसली गेली तर ती कुणाच्या तरी पायाची असेल."

तेव्हा काका वळले. हातातली काठी त्यांनी बाजूला ठेवली. "बस," म्हणाले. "चहा घेतेस ना?"

डेटाबेसला प्रोग्राम जोडायचा म्हणजे काय, हे मला त्या आठवड्यात समजलं. चार गोष्टी सांगाव्या लागतात: सर्व्हर कुठे आहे, त्यातला कुठला डेटाबेस हवाय, मी कोण, आणि माझा पासवर्ड काय. चार ओळी. वहिनीने त्या लिहिल्या, कळ दाबली, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली.

लाल अक्षरं दिसली की बहुतेक लोक स्क्रीनवरची ती खिडकी बंद करतात. मी तर करतोच. वहिनी वाचते. बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत तशी, ओळीवर बोट ठेवून.

"यात काही अवघड नाही," ती म्हणाली. "सर्व्हर म्हणतोय, नाव ओळखीचं आहे, पण या संगणकावरून येणाऱ्याला आत घ्यायला मला कोणी सांगितलेलं नाही." काकांना फोन गेला, त्यांनी घरबसल्या यादीत एक ओळ वाढवली. दुसऱ्यांदा कळ दाबली तर दार उघडलं, पण सगळी नावं चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन बाहेर आली. तेही तिने वाचलं, एक सकाळ शोधलं, आणि अक्षरं कुठल्या पद्धतीने साठवली आहेत ते प्रोग्रामला सांगितलं. तिसऱ्या दिवशी नावं नावांसारखी दिसू लागली.

जेवताना तिने दादाला सगळं समजावलं. टेबलावर एका बाजूला ताटल्या मांडल्या, दुसऱ्या बाजूला चमचे.

"ही माणसं," ती ताटल्यांकडे बोट करत म्हणाली, "आणि हे पाय. काकांनी दोन वेगळे तक्ते केलेत. माणसाचं नाव, पत्ता एकदाच लिहायचा आणि त्याला एक नंबर द्यायचा. प्रत्येक पायापुढे फक्त तो नंबर. माणसाने घर बदललं तर एकाच ठिकाणी दुरुस्ती. आणि एका माणसाचे किती का पाय होईनात, जागा आहेच."

"माझे किती झाले?" दादाने विचारलं.

"उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी तिने बघितलं. काकांचा जुना प्रोग्राम प्रत्येक माणसाचा फक्त शेवटचा पाय दाखवायचा. त्या काळच्या स्क्रीनवर तेवढंच मावायचं. वहिनीने दोन्ही तक्ते नंबरावर जोडून सगळे पाय एकाखाली एक मागवले. वर एक ओळ: दादाचं नाव. खाली अकरा पाय, एकोणीस वर्षांचे, प्रत्येकाची सात मापं.

तिने मला हाक मारली. माझे हात पांढरे होते, तसाच गेलो.

"भाऊजी, हे वाचा. वरून खाली."

मी वाचलं. उरलेला पाय वर्षागणिक थोडा थोडा बारीक होत जातो, ते मला पाठ आहे. आकडे तसेच उतरत गेले होते. फक्त शेवटच्या दोन ओळींमध्ये दोन वर्षांचं अंतर होतं आणि सातही मापं हुबेहूब सारखी होती. मिलिमीटरपर्यंत.

"असं होतं का कधी?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. मग खरं ते सांगितलं. जुन्या प्रोग्राममध्ये एक बटण होतं, 'मागीलप्रमाणे'. दाबलं की आधीची मापं जशीच्या तशी नव्या नोंदीत उतरायची. नुसतं पाऊल बदलायचं असेल तेव्हासाठी काकांनी ते दिलं होतं. त्या दिवशी बाहेर रांग लागली होती, दादा खुर्चीत बसला आणि म्हणाला, 'तेच टाक रे, मला काही त्रास नाही, लोक थांबलेत.' मी बटण दाबलं. साचाही जुनाच वापरला. माझ्या सख्ख्या भावाचा पाय मी मोजला नव्हता.

वहिनी मला बोलली असती तर बरं झालं असतं. तिने खालच्या मजल्यावर फोन लावला. "अहो, जरा वर या. आणि सॉकेटच्या आत किती मोजे घातलेत ते खरं सांगा."

दादा आला, बसला, इकडे तिकडे बघितलं. "चार," म्हणाला.

"एक असायला हवा."

"सॉकेट सैल लागतं म्हणून घालतो. त्यात काय एवढं? चालतो ना मी?"

"मला वाटलं, थंडीमुळे धुण्यात मोजे जास्त येतात," वहिनी म्हणाली. "आणि जिन्यावर थांबता ते? मला सांगत होतात, फुलं बघतो."

"फुलंपण बघतो," दादा म्हणाला. मग आम्ही तिघंही हसलो, पण वहिनीचे डोळे भरले होते. मी तिथेच दादाला खुर्चीत बसवलं आणि सात मापं घेतली. सर्वांत खालचं माप सोळा मिलिमीटरने कमी निघालं. कातडी एका जागी लाल होऊन टणक झाली होती. त्यालाही त्याने 'काही नाही' म्हणून पाहिलं.

त्या संध्याकाळी बसमधून उतरताना वहिनी म्हणाली, "यांचाच पाय एकटा असा नसणार."

सकाळी तिने डेटाबेसला एकच प्रश्न विचारला: ज्यांची शेवटची सात मापं आणि त्याआधीची सात मापं तंतोतंत सारखी आहेत, अशी किती माणसं? उत्तर यायला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही. एक्केचाळीस. त्यांतल्या सव्वीस नोंदींवर माझी सही होती.

यादी घेऊन मी स्वतः मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी यादी दोनदा वाचली. "हे आपल्याला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "सुटकेसवाल्याला कळवा, यायची गरज नाही. या लोकांना बोलवा. सगळ्यांना."

लिहायची परवानगी मागायला वहिनी काकांकडे गेली तेव्हा ती यादी बरोबर घेऊन गेली. काकांनी ती शेवटपर्यंत वाचली. "ते बटण माझं," म्हणाले.

"दाबणारे आम्ही, काका. नव्या प्रोग्राममध्ये ते नाही. मापं घेतल्याशिवाय नोंद पुढे सरकतच नाही."

त्याच दुपारी तिला लिहायची परवानगी मिळाली.

गुरुवार ठरला. तेवीस जण त्या दिवशी येणार होते, उरलेले पुढच्या आठवड्यात. नवा प्रोग्राम त्याच दिवशी पाचही टेबलांवर पहिल्यांदा चालणार होता: नोंदणी, प्लास्टर, सॉकेट, जोडणी आणि मॅडमची खोली. मी वहिनीला म्हटलं, दोन गोष्टी एका दिवशी कशाला? ती म्हणाली, "माणसं पुन्हा मोजायची आणि नोंद पुन्हा अर्ध्या काळ्या स्क्रीनवर करायची? आपण तयार आहोत, भाऊजी."

नऊ वाजता बाकडी भरली होती. एक निवृत्त मास्तर, एक शिंपीण, एक पोस्टमन, एक बेकरीवाली बाई जिच्या बाहीवर अजून पीठ होतं. काम झपाझप सुरू झालं. नाव सांगितलं की पायांचा सगळा इतिहास समोर. मी मापं मोठ्याने वाचायचो, वहिनी तिच्या टेबलावरून ती टाइप करायची, आणि पुढच्या माणसाची नोंद उघडायला मी कोपराने कळ दाबायचो.

अकराला पाच मिनिटं कमी असताना सगळं थांबलं.

नोंदणीच्या स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं. सॉकेटवाल्याने ओरडून विचारलं, "माझंही बंद आहे का?" जोडणीतून दादा आला. मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. बाकड्यांवर कुजबुज सुरू झाली आणि मास्तरांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नवीन दिसतंय."

वहिनी उठली. लोकांसमोर जाऊन म्हणाली, "प्रोग्राम मी लिहिलाय आणि तो अडकलाय. कुठे अडकलाय ते बघते. तोवर मापं कागदावर चालू राहतील, कोणी परत जाणार नाही." मग येऊन बसली, लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि वाचलं.

"सर्व्हर म्हणतोय, सगळी कनेक्शन भरली. एका वेळी वीसच जणांना आत घ्यायचं, असं काकांनी ठरवलंय. पण आपण तर पाच जण आहोत. मग हे वीस कोण?"

काकांना फोन लागला. मुख्य पासवर्ड त्यांच्याकडेच, म्हणून त्यांनी आत बसलेल्यांची यादी वाचून दाखवली. नोंदणी, एक. सॉकेट, एक. जोडणी, एक. मॅडम, एक. प्लास्टर, सोळा.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या स्क्रीनकडे गेलो. सोळा खिडक्या एकावर एक उघड्या होत्या, प्रत्येकीत एक माणूस. खिडकी बंद करायची तर कोपऱ्यातल्या इवल्याशा फुलीवर नेम धरावा लागतो. माझी बोटं प्लास्टरने माखलेली, कोपराने फुली दाबता येत नाही, म्हणून मी दर वेळी नवीच खिडकी उघडत गेलो. काही माणसांच्या तर दोन-दोन झाल्या. आणि प्रत्येक उघडी खिडकी एकेक कनेक्शन अडवून बसली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "हे माझंच."

"खिडक्या तुमच्या, भाऊजी. चूक माझी." तिने ओल्या फडक्याने माझा माउस पुसला, सोळाही खिडक्या एकेक करून मिटवल्या, आणि चारही टेबलांवरून "चालू झालं!" असा आवाज आला. "प्लास्टरवाल्याचे हात प्लास्टरचेच असणार. त्याने खिडकी मिटली नाही म्हणून अख्खा कारखाना थांबत असेल, तर प्रोग्राम कच्चा आहे. नोंद आणून दिली की प्रोग्रामने लगेच कनेक्शन सोडायला हवं. तुम्ही ती वाचत बसता, पट्ट्या गुंडाळता, तेवढा वेळ ते धरून ठेवायचं कारणच नाही. मी ते धरून ठेवलं."

जेवणाच्या सुट्टीत सगळे जेवायला गेले, ती नाही गेली. मी तिचा डबा उघडून शेजारी ठेवला. एका हाताने खात, दुसऱ्याने तिने ते बदललं: आत जायचं, हवं ते घ्यायचं किंवा ठेवायचं आणि तिथल्या तिथे बाहेर पडायचं. मग मला बोलावून म्हणाली, "आता बसा आणि जितक्या खिडक्या उघडता येतील तितक्या उघडा. मन मारू नका."

मी साठ उघडल्या. काका फोनवर मोजत होते. "प्लास्टर, एक," ते म्हणाले. "आता शून्य. पुन्हा एक. शून्य. अरे, हे छान आहे."

दुपारी बेकरीवालीचा नंबर आला. ती खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "माझं माप काही बदललेलं नाही बरं का, उगीच बोलावलंत. दुकान बंद ठेवून आलेय."

मी मापं घेतली, एकेक, दोनदा. वहिनी माझ्या टेबलाशी उभी राहून टाइप करत होती. नवी ओळ जुन्या ओळीखाली बसली. सर्वांत खालच्या मापात चौदा मिलिमीटरचा फरक होता. मी स्क्रीन बाईकडे वळवला आणि दोन आकडे दाखवले. नंतर सांगितलं की मागच्या वेळी मी मोजलंच नव्हतं, आणि माफी मागितली.

तिने पुढे वाकून दोन्ही आकडे वाचले.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली, "भट्टीपाशी उभं राहवत नाही. मला वाटलं, मी म्हातारी झाले. भाचीला दुकान द्यायचं ठरवत होते मी."

"इतक्यात देऊ नका," वहिनी म्हणाली.

बाईने बाहीवरचं पीठ झटकलं, पाय सरळ केला आणि मला म्हणाली, "मग बसलात काय? गुंडाळा की पट्ट्या."

मी पट्टी पाण्यात बुडवली. बाहेर अजून अकरा जण होते. वहिनीने पुढचं नाव पुकारलं.